न जळालेलं पेट्रोल

गाडी नवी असो की चौथ्या हाताची, आमच्याकडे तिची पहिली चौकशी ठरलेली: किती देते? इंजिन किती सीसीचं, ब्रेक कसे, एअरबॅग आहेत का, हे सगळं मागाहून. कराडला हायवेलगत माझं गॅरेज आहे. पुणे-कोल्हापूरची वाहतूक समोरून जाते, चिपळूणकडच्या गाड्या कुंभार्ली घाट चढून येतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या जीपगाड्यांची भर पडते. या सगळ्यांचं दुखणं मात्र एकच, ॲव्हरेज. क्लच घसरतोय हे माणूस महिना-दोन महिने सोसतो. लिटरमागे दोन किलोमीटर कमी झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत दारात हजर.

त्यामुळे ॲव्हरेज वाढवणारी म्हणून जी जी यंत्रं या भागात खपली, ती बहुतेक सगळी माझ्या बाकावर येऊन गेली आहेत. काही लावायला आली, बरीचशी काढायला आली. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, एअर फिल्टरच्या नळीत बसवायचा पत्र्याचा पंखा, मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमला जोडायचा पितळी व्हॉल्व्ह, पाण्यातून हायड्रोजन काढणारी बरणी, टाकीत टाकायच्या गोळ्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा दिवा आणि अलीकडे स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्टमध्ये बसणारी डबी. रंग बदलले, किमती वाढल्या. सोबतच्या कागदावरचं वाक्य मात्र तेच राहिलं: तुमच्या इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही, बरंचसं तसंच सायलेन्सरवाटे निघून जातं, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं.

कागद वाचून झाला की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं. "मिस्त्री, खरं हाय का ओ हे?" नुसतं ‘खोटं’ म्हणून मला मोकळं होता येत नाही, कारण हे वाक्य एके काळी खरं होतं.

आयटीआय करून मी एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो तेव्हा दारात टू-स्ट्रोक स्कूटरांची रांग असायची. चेतक, प्रिया, लॅम्ब्रेटा. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं. इकडून पेट्रोल आणि हवा आत शिरतात, तेव्हा तिकडे एक्झॉस्टचं तोंड उघडंच असतं. या ढकलाढकलीत पाव ते एकतृतीयांश मिश्रण पेटण्याआधीच बाहेर पडतं. स्कूटरच्या मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास यायचा तो याचाच. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि लिटरमागे किती पळते हे ऐकून स्कूटरवाल्यांचा विश्वास बसेना. तिच्यात कसली जादू नव्हती. धूर बाहेर जायची वेळ वेगळी, मिश्रण आत यायची वेळ वेगळी, एवढंच.

मोटारींना त्या काळी कार्ब्युरेटर. पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, १९८३ नंतर मारुती ८००. कार्ब्युरेटर हे अंदाजाने चालणारं यंत्र. हवा जेवढ्या जोराने आत ओढली जाईल त्या ओढीने जेटमधून पेट्रोल येणार. त्याला ना थंडी कळते ना ऊन, ना महाबळेश्वरची विरळ हवा ना चिपळूणची जड. जेट झिजलं, फ्लोटला भोक पडलं, चोक अर्धवट अडकला, की गाडी गुपचूप जास्त प्यायला लागायची. अशा गाडीत न जळालेलं पेट्रोल खरोखर बाहेर जात होतं, आणि ते थांबवायची सोय एका बारीक स्क्रूत होती.

आमचे मिस्त्री तो स्क्रू कसा फिरवायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे. आधी गाडी नीट गरम करायची. एअर फिल्टर उतरवायचा, आयडलिंग जरा चढवून ठेवायचं. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक मिक्श्चर स्क्रूच्या खाचेत बसवून पाव-पाव फेरा आत घ्यायचा. सुरुवातीला काही कळत नाही. मग इंजिन अडखळतं, फाउंडेशनवर थरथरायला लागतं. तिथे थांबायचं आणि उलटं यायचं. आवाज मोकळा होतो, चढतो, एका जागी टिकतो. त्याच्या पुढे गेलात तर पुन्हा जड होतो आणि धुराचा वास डोळ्यांना झोंबतो. मिस्त्री टिकलेल्या जागेपासून किंचित आत घेऊन सोडून द्यायचे. मग एक लांब चक्कर. गाडी पळती असतानाच स्विच बंद करून कडेला घ्यायची आणि गरम प्लग फडक्यात धरून खोलायचा. टोकावर काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असलं तर कमी, आणि आज ना उद्या व्हॉल्व्ह जळणार. फिक्कट तपकिरी दिसलं की मिस्त्री प्लग पुसून परत लावायचे आणि काही न बोलता विडी पेटवायचे. पेट्रोलच्या कामावर विडी ओढू नये, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

मोजमापही नुसतं तोंडी नसायचं. दवाखान्यातून आणलेली सलाइनची काचेची बाटली बॉनेटखाली टांगायची, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतातच. टाकीची नळी काढून बाटलीची नळी जोडायची, मोजून पेट्रोल घालायचं आणि ओगलेवाडीच्या रस्त्याला गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जाताना वारा समोरून असेल तर येतानाही तेवढंच अंतर घ्यायचं. स्क्रू फिरवण्याआधी एक बाटली, फिरवल्यावर एक बाटली. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असायचं, त्यामुळे वादाला जागा नाही.

त्या दिवसांत पितळी व्हॉल्व्ह लावून ॲव्हरेज वाढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि ती वाढ खरी होती. जास्त पेट्रोल पिणाऱ्या कार्ब्युरेटरला त्या व्हॉल्व्हमधून जादा हवा मिळायची. स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात फुकट होणारं काम तो व्हॉल्व्ह पैसे घेऊन करत होता, इतकंच. आणि तोच व्हॉल्व्ह नीट ट्यून केलेल्या गाडीला लावला की गाडी खंबाटकीत दम टाकायची, ठोका द्यायची, चालवणारा ॲक्सिलरेटर आणखी दाबायचा आणि वाचलेलं सगळं घाटातच परत जायचं.

डांबरगोळ्यांचं मात्र काहीच समर्थन करता येणार नाही. कपाटातल्या गोळ्या टाकीत टाकल्या की स्कूटर जोरात पळते, अशी एक समजूत होती. नॅप्थलिन पेट्रोलमध्ये विरघळतं हे खरं. पण गाडी चार दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जायचं आणि गोळीचे पांढरे स्फटिक जेटमध्ये अडकायचे. ते तारेने काढायचं काम आम्हा पोरांकडे. अर्धा दिवस हातांना संडासाचा वास.

१९९६ ची एक गंमत सांगितली पाहिजे. तमिळनाडूतल्या रामर पिल्लैने झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. आठवडाभर गॅरेजात दुसरा विषय नव्हता. आमच्या एका गिऱ्हाइकाने परड्यात ती वनस्पती लावायची तयारीही केली होती, फक्त ती कुठली हे कुणाला माहीत नव्हतं. पुढे सीबीआयने खटला भरला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने पिल्लैला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच १९९६ साली तिकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात, पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयरला न्यायालयाने लबाड ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते. ती बातमी आमच्यापर्यंत आली नाही. मेयरची ‘पाण्यावरची गाडी’ मात्र आली, मोबाइलवरच्या व्हिडिओतून, पंधरा-वीस वर्षांनी.

२००० च्या आसपास कार्ब्युरेटर जायला लागले आणि फ्युएल इंजेक्शन आलं. ही गोष्ट बाहेरून दिसत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात आली नाही. आता एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो सतत मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळण्यासाठी कॉम्प्युटर इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. आमचे मिस्त्री दिवसातून दोन गाड्यांचे कान धरून जे काम करायचे, ते आता प्रत्येक गाडीत, ती चालू असेपर्यंत, चालू असतं. बाहेरून जादा हवा सोडली तर सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो आणि कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवून हिशेब पुन्हा जुळवतो. पितळी व्हॉल्व्हची सद्दी तिथेच संपली.

आणि जळण्याचं म्हणाल तर आजच्या चांगल्या स्थितीतल्या इंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी सुमारे ९८ टक्के जळतंच. उरलेलं सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये संपतं. तरीही पेट्रोलच्या शक्तीपैकी पाव ते तीस टक्केच गाडी ओढायला लागते. बाकीचं जातं कुठे? रेडिएटरच्या पाण्यातून आणि सायलेन्सरच्या गरम धुरातून, उष्णता म्हणून. म्हणजे वाया जातं हे खरं, पण जळून वाया जातं. यंत्र विकणारा या दोन गोष्टींची गाठ मारून देतो. इंजिनात सत्तर टक्के वाया जातं, हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, ते खरंही असतं. मग तो म्हणतो, आम्ही ते पूर्ण जाळतो. अहो, जळायचं जे उरलंच नाही ते जाळणार काय? तुमचं यंत्र अगदी रामबाण निघालं तरी हाताला दोन टक्के लागतील. डबीवर छापलेलं असतं ३० टक्के.

एवढं एक गणित डोक्यात ठेवलं की प्रत्येक यंत्र वेगळं तपासायची फारशी गरज उरत नाही. लोहचुंबकाने पेट्रोलचे रेणू ‘सरळ रांगेत’ येतात म्हणे. पेट्रोल लोहचुंबकाला दाद देत नाही, आणि रांगेत आलेच तरी पुढे इंजेक्टरमधून फवारा होऊन विखुरणारच. हवेच्या नळीतला पंखा हवेला घुसळतो असं सांगतात. प्रत्यक्षात तो वाटेत अडथळा होऊन बसतो. एका गाडीत त्याचं पातं तुटून थ्रॉटलपर्यंत गेलेलं मी काढलं आहे. इंजिनात गेलं असतं तर त्या माणसाची गाडी मशीन शॉपलाच न्यावी लागली असती.

हायड्रोजनच्या बरणीवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे डोळ्यांना काहीतरी दिसतं. स्टीलच्या पट्ट्या, पाणी, त्यात कॉस्टिक, बॅटरीची वायर, आणि बुडबुडे. ते बुडबुडे खरे असतात, हायड्रोजन आणि प्राणवायूचेच असतात, काडी लावली तर फट्कन वाजतात. शाळा शिकलेली माणसं ते वाजलेलं ऐकून पैसे मोजतात. पण बरणीला वीज येते अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर, आणि इंजिन फिरतं पेट्रोलवर. पेट्रोलमधली पाव शक्ती पट्ट्यापर्यंत येते, त्यातली जेमतेम निम्मी वीज होते, तिच्यातही घट होऊन हायड्रोजन निघतो. शंभर रुपयांचं पेट्रोल घातलं तर दहा रुपयांचाही हायड्रोजन हाती लागत नाही, आणि तो परत त्याच इंजिनात घालायचा. विहिरीचं पाणी उपसून त्याच विहिरीत ओतायचं आणि मोटारीचं बिल भरत राहायचं, असला हा उद्योग.

तरी बरणी लावून ॲव्हरेज वाढल्याचं एका टॅक्सीवाल्याने मला लिहून दाखवलं होतं. त्याची वही व्यवस्थित होती. गाडी खाली घेऊन पाहिली तेव्हा कळलं, बरणीबरोबर एक छोटं सर्किट दिलं होतं आणि ते ऑक्सिजन सेन्सरच्या वायरमध्ये जोडलं होतं. त्याने कॉम्प्युटरला खोटी खबर जायची आणि पेट्रोल कमी व्हायचं. वाढ बरणीची नव्हती, गाडी उपाशी ठेवल्याची होती. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी एक सिलिंडर मारत नाही म्हणून आली. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड खाल्लेली. त्या कामाचं बिल त्याच्या वहीत कुठे लिहिलं गेलं, मी विचारलं नाही.

ओबीडीची डबी माझ्याकडे आली ती एका शिक्षकांकडून. त्यांनी ती मोबाइलवर जाहिरात पाहून मागवली होती. "कॉम्प्युटरला शिकवते म्हणे," ते म्हणाले. मास्तरच ते, शिकवण्याचं काही आलं की भुलणार. आम्ही ती त्यांच्यासमोरच खोलली. आत अंगठ्याएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप, चार-दोन रेझिस्टर, एक बटण आणि तीन एलईडी. ओबीडी पोर्टला सोळा खाचा असतात. १६ नंबरला बॅटरीची वीज, ४ आणि ५ ला अर्थ, आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची जी वाट, ती नव्या गाड्यांत ६ आणि १४ वर. या डबीत त्या दोन पिना होत्या, दिसायला चकचकीतही होत्या, पण त्यांच्यापासून पट्टीवर पुढे कुठे रेघच गेली नव्हती. वीज यायची, दिवे लुकलुकायचे. मास्तरांनी भिंग मागून घेतलं, दोन्ही पिनांचा माग काढून पाहिला आणि म्हणाले, "हा विद्यार्थी वर्गात बसलाय, पण कान बंद करून." मग डबी खिशात टाकून घेऊन गेले. वर्गात दाखवायला.

मग एवढी माणसं फरक पडला म्हणून सांगतात ती खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना फरक पडलेला असतो. हे समजायला मला यंत्रांपेक्षा माणसं जास्त बघावी लागली.

एक तर माणूस यंत्र कधी घेतो? ॲव्हरेज अगदीच खाली आलं की. पावसाळ्यातले खड्डे, लग्नसराईतले फेरे, एसी, घाटरस्ता असा सगळा वाईट महिना गेलेला असतो. पुढचा महिना तसाही बरा जाणार असतो, श्रेय मिळतं डबीला. दुसरं, ती बनवणारे वेडे नाहीत. सूचनांच्या कागदावर लिहिलेलं असतं: बसवण्यापूर्वी एअर फिल्टर आणि प्लग बदलून घ्या, टायरची हवा तपासा, कॉम्प्युटरला सवय व्हायला दोनेकशे किलोमीटर जाऊ द्या, या काळात गाडी सौम्यपणे चालवा. एवढं केल्यावर गाडीत कोरी काडेपेटी ठेवली तरी ॲव्हरेज वाढेल. आणि मोजतात कसं? ‘पाचशेचं टाकलं, काटा इथवर आला.’ पंपाच्या नोझलचा कट लागायची जागा दर वेळी सारखी नसते, गाडी जरा कललेली असली तरी टाकीत लिटरभर इकडेतिकडे होतं. यातून लिटरमागे एक किलोमीटरचा फरक शोधणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

माझ्या ओळखीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. दोन्ही कराड-पुणे. त्याला कुणीतरी डबी गळ्यात मारली होती आणि तो आणखी घ्यायच्या विचारात होता. मी म्हटलं, आधी बघू. दोन डब्या घेतल्या. एकीच्या आतलं सगळं काढून नुसते दिवे लागतील असं केलं, दुसरी होती तशी ठेवली. कुठली कुठल्या गाडीत लावली ते ड्रायव्हरना सांगितलं नाही. एकाच पंपावर, एकाच नोझलला, सकाळी गाडी थंड असताना, पहिल्या कटला थांबायचं, असं ठरवलं. पहिल्या पंधरवड्यात दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं. रिकाम्या डबीच्या गाडीचं जरा जास्तच. मग डब्यांची अदलाबदल केली, काही फरक नाही. महिना-दीड महिन्यात दोन्ही गाड्या मूळ पदावर आल्या, तोवर ड्रायव्हर डब्यांना विसरले होते. मालक लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर दोघांचे पाय हलके झाले होते, बाकी काही नाही. मालकाने डब्यांचा नाद सोडला आणि भरलेल्या पेट्रोलची वही दर सोमवारी स्वतः तपासायला सुरुवात केली. ती वही अजून चालू आहे.

पायाचाच प्रश्न निघाला म्हणून घाटाचं सांगतो, कारण यात जुन्या सवयीने अजून नुकसान होतं, आणि जीवही जातो. कुंभार्ली उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडायची, त्याने पेट्रोल वाचतं, असं जुने ड्रायव्हर शिकवत आले. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्शनच्या गाडीत ते उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर पूर्ण बंद करतो, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहण्यासाठी आयडलिंगचं पेट्रोल पुन्हा सुरू. वर ब्रेकवर सगळा भार, ते तापतात, आणि शेवटच्या वळणांना पॅडल मऊ लागतं. इंजिन बंद करून उतरणारे तर ब्रेकचा व्हॅक्युम आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही घालवून बसतात. ज्या गिअरने चढाल त्या गिअरने उतरा, हे घाटाच्या पाटीवर लिहिलेलं जुनं वाक्य आता पेट्रोलच्या हिशेबातही बरोबर निघालं आहे.

खरोखर उपयोगी पडणारं सामान नाहीच असंही नाही. ट्रकच्या केबिनवर बसवतात ती उतरती फायबरची टोपी हायवेवर डिझेल वाचवते, कारण ती वाऱ्याशी झगडते, आणि वाऱ्यात खरंच खूप जातं. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टपावरचा रिकामा कॅरिअरही रोज थोडंथोडं खातो. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा आकडाही कामाचा आहे, तो इंजिनाला काही करत नाही, चालवणाऱ्याला करतो. आणि टायरची हवा. अमेरिकेच्या सरकारी हिशेबाने चारही टायरमधली हवा एक पौंडाने कमी झाली की सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागतं. ऐकायला काहीच नाही. पण माझ्याकडे ‘ॲव्हरेज देत नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत ३२ पौंडांच्या जागी २२ पौंड हवा असणाऱ्या कितीतरी निघतात. त्यातल्या काहींच्या सॉकेटमध्ये दिवा लुकलुकत असतो.

हे सगळं आता पुन्हा सांगायची वेळ आली आहे, कारण पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि डब्यांचा बाजार परत तेजीत आला. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते. वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. ॲव्हरेज थोडं उतरतं ते त्यामुळे. आमच्या भागात यातली खोच अशी की तक्रार घेऊन येणारा बहुतेक वेळा ऊस उत्पादकच असतो, आणि त्याच्याच कारखान्याच्या डिस्टिलरीतून ते इथेनॉल गेलेलं असतं. "उसाचं बिल घेताना गोड लागलं न्हवं?" असं मी विचारतो, तो हसतो. पण ते हसणं संपायच्या आत मोबाइल पुढे करतो: "ही डबी ई-ट्वेंटीसाठीच काढल्या, बघा की." जे लिटरात भरलंच नाही ते स्टिअरिंगखालची डबी आणणार कुठून?

हे शोध नवे नाहीत आणि त्यांच्या चाचण्याही नव्या नाहीत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत असल्या यंत्रांचं पीक आलं होतं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, गेल्या काही दशकांत शंभराहून अधिक यंत्रं तपासली. फारच थोड्यांनी किंचित फायदा दाखवला, आणि त्यातल्याही काहींनी धूर वाढवला. आपल्याकडे ही सोय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, एआरएआय, १९६६ पासून. तिथे काम केलेल्या एका ओळखीच्या अभियंत्याने मला पद्धत सांगितली. गाडी रोलरवर उभी करतात, ड्रायव्हर पडद्यावरच्या रेघेप्रमाणे वेग ठेवतो, सगळा धूर गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळालं ते काढतात. पंपाचा कट नाही, वारा नाही, पाचशेची नोट नाही. आमच्या सलाइनच्या बाटलीची ही कितीतरी पुढची आवृत्ती.

तेव्हा उद्या कुणी असली डबी घेऊन दारात आला तर त्याच्याशी वाद घालू नका. तुमच्या मॉडेलच्या गाडीवर केलेला, डबी लावण्याआधीचा आणि लावल्यानंतरचा, असा चाचणीचा अहवाल मागा. खोक्यावर छापलेलं ‘टेस्टेड’ नको, अहवालाची प्रत, तारीख आणि क्रमांकासह. आमच्या गॅरेजला येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडे मी तो मागत आलो आहे. अजून एकानेही आणून दिलेला नाही.